डावीकडून चौतीस

हिरवा काढून टाकणं सोपं.
की चालू करायची, रंग नेमका धरायचा,
क्लिप एवढाच, की केसांच्या कडा कुरतडल्या जाऊ नयेत,
गेन एवढाच, की खांद्यावर हिरवी साय उरू नये.
पडदा जातो, माणूस राहतो.
नव्या पोराला, नाहुएलला,
पहिल्या दुपारीच जमलं हे.

अवघड असतं ते पडदा संपतो तिथून पुढचं.
आमचा पडदा अडीच मीटर.
आन्कूदच्या धक्क्यावर, बर्फाच्या जुन्या कारखान्याच्या माडीवर
चालणाऱ्या चॅनेलला तेवढाच परवडतो.
त्याच्या कडेला दिव्याचा स्टँड,
गळक्या पत्र्याखालची बादली,
दोन एरिबेर्तोंचा ओला कोट,
मोडक्या खुर्चीवर मातेची किटली.
कॅमेऱ्याला संकोच नसतो, तो सगळंच बघतो.
म्हणून मास्क.
वरून, खालून, उजवीकडून, डावीकडून:
चार आकडे म्हणजे चार भिंती,
आणि आत यास्ना,
पोस्टाच्या तिकिटाएवढी,
बातम्या हातांनी सांगणारी.

डावीकडून चौतीस.
तीन वर्षांपूर्वी मीच ठेवला हा आकडा,
मेमरीत जपला
आणि विसरलो.

जुलैतली ती रात्र. आधी दिवा हलला,
मग बादलीतलं पाणी.
मग दोन एरिबेर्तोंनी हातातला कागद खाली ठेवला
आणि दुसरा उचलला:
किनारा सोडा. वर जा. गाड्या काढू नका.
यास्नाने दोन्ही हात उघडले, लांब नेले,
समुद्र जेवढा मोठा तेवढे.

प्रोग्रॅम मॉनिटरवर तिचा उजवा हात
मनगटाशी संपला.
पट्टीने कापल्यासारखा, सरळ.
रक्त नाही, काही नाही.
जिथे पंजा असायला हवा
तिथे बंदराचा नकाशा, शांत, निळा.

पडद्यावरचं डावं म्हणजे तिचं उजवं.
एवढं मला ठाऊक होतं.
एवढंच ठाऊक होतं.

मी बटण फिरवलं. तीस. बावीस.
तिने पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा तेवढंच लांब.
अकरा.
आधी स्टँडचा पाय आला, मग बादली,
नाहुएल ओरडला, किटली दिसतेय, किटली!
दिसू दे म्हटलं.
शून्य.
हात आला.
पाचही बोटं, अंगठीसकट,
आणि बोटांच्या मागे आमचा सगळा पसारा,
नकाशावर, समुद्रात उभा.

समुद्र त्या रात्री कमरेएवढा चढला.
दोन होड्या आणि मासळीबाजाराचं फाटक घेऊन गेला.
माणूस एकही नाही.
याचं श्रेय बटणाला द्यायचा मोह होतो,
पण सायरनही वाजत होते,
आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या दारावर
शेजाऱ्यांनी दगड नाही, खांदे मारले होते.

तिसऱ्या दिवशी रोसामेल जिना चढून आला,
शिंपले विकणारा, जन्मापासून बहिरा.
पाटीवर खडूने लिहिलं:
बाईंना उजवा हात आहे तर!
आणि खाली: किटली कुठून घेतली?

हसलो आम्ही. मग मी यास्नाला विचारलं,
तीन वर्षांत कुठले शब्द बाहेर पडले असतील?
ती म्हणाली, मोठे होते ते सगळे.
एवढं बोलून ती किटलीत पाणी भरायला गेली.

तिने कधी हात आखडता घेतला नव्हता.
तो घेतला होता मी, आकड्याने,
पसारा दिसू नये म्हणून.

प्वेर्तो मॉन्तच्या ऑफिसातून पत्र आलंय:
बादलीविषयी खुलासा करावा.
करीन.
पत्रा अजून गळतो हे लिहीन.

आता मास्क डावीकडून सहावर आहे, अर्धी बादली दिसते.
रात्री बातम्या संपल्या तरी मी की लगेच बंद करत नाही.
यास्ना तिथेच, हिरव्यासमोर, कोट चढवते,
बाहीत शिरण्याआधी उजवा हात बाजूला लांब जातो,
आणि मी मॉनिटरकडे बघत राहतो,
तो परत येईपर्यंत.